ज्युलिया चिंग आणि 'आपली परंपरा' कोणाची?

(मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा लिखित मसुदा)



आजच्या बैठकीची सूचना गेली तेव्हा काही जणांना साहजिकच प्रश्न पडला की चिनी तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेशी आपला काय संबंध. प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेक जण इंजिनिअर, डॉक्टर, अकाउंटंट नाहीतर आयटीवाले. चीन म्हटले की कॅनडातल्या मराठी माणसाला फार तर दोन डॉक्टर आठवतात. एक इथल्या ग्रेव्हनहर्स्टचे नॉर्मन बेथ्यून आणि दुसरे आपल्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. दोघेही जपानी आक्रमणाच्या काळात चीनमध्ये जखमींवर उपचार करता करता गेले. बेथ्यून १९३९ साली, कोटणीस १९४२ साली. बेथ्यून यांच्या नावाने सुरू झालेल्या रुग्णालयाचे कोटणीस प्रमुख होते. म्हणजे कॅनडा, चीन आणि महाराष्ट्र हा त्रिकोण आपल्याला अगदीच नवा नाही.

मला आज या त्रिकोणात आणखी एक नाव घालायचे आहे. ज्युलिया चिंग. जन्म १९३४, शांघाय. मृत्यू ऑक्टोबर २००१, टोरांटो. चिनी नाव छिन च्या-यी. टोरांटो विद्यापीठात त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ चिनी विचार शिकवला. त्यांच्या कामाच्या निमित्ताने एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. आपण मागे सोडून आलेली परंपरा कोणाच्या मालकीची असते? सरकारच्या, मंदिराच्या, देणगीदाराच्या, की ती नीट वाचणाऱ्याच्या? हा प्रश्न चिनी लोकांना गेली शंभर वर्षे छळतो आहे. आपल्याकडेही तो आता दाराशी आलेला नसून घरात येऊन बसला आहे.

आधी बाईंची हकीकत सांगतो. युद्धाच्या धामधुमीत लहानपणीच त्यांना निर्वासित म्हणून चीन सोडावा लागला. शालेय शिक्षण हाँगकाँगला पूर्ण झाले. मग न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेल इथल्या कॅथलिक महिला कॉलेजात शिक्षण, आणि पुढे त्या उर्सुलाइन पंथाच्या जोगिणी झाल्या. जवळपास दोन दशके त्या या व्रतात होत्या. एम.ए. वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात केले. पीएच.डी. मात्र ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय विद्यापीठात, तीही चाळिशीच्या उंबरठ्यावर. पुढे व्रत सोडले. ऑस्ट्रेलियात, कोलंबियात आणि येलला शिकवून १९७८ साली त्या टोरांटोला आल्या. धर्माभ्यास, तत्त्वज्ञान आणि पूर्व आशियाई अभ्यास अशा तीन विभागांशी त्यांचे नाते होते. १९९४ साली त्यांना 'युनिव्हर्सिटी प्रोफेसर' हे टोरांटो विद्यापीठातले सर्वोच्च पद मिळाले. रॉयल सोसायटी ऑफ कॅनडाचे सदस्यत्व मिळाले, ऑर्डर ऑफ कॅनडा मिळाले.

बायोडेटा म्हणून वाचला तर हा यशस्वी स्थलांतरिताचा बायोडेटा आहे. आपल्या मंडळांच्या अंकांत असे पुष्कळ छापून येतात. पण तो ज्या देशात घडला त्या देशाचा थोडा इतिहास सोबत ठेवावा लागतो.

कॅनडाने १८८५ साली चिनी स्थलांतरितांवर माणशी ५० डॉलरचा 'हेड टॅक्स' लावला. १९०३ पर्यंत तो ५०० डॉलर झाला. १९२३ च्या कायद्याने तर चिनी लोकांना दार जवळजवळ बंदच झाले, ते १९४७ पर्यंत. आपल्या लोकांना वेगळ्या युक्तीने अडवले. मायदेशातून थेट, न थांबता आलेल्या बोटीनेच या, असा नियम १९०८ साली केला आणि तशी बोटच नव्हती. १९१४ ची कोमागाटा मारूची कथा आपल्याला ठाऊक आहे. आता गंमत पाहा. चिनी माणसांना दार बंद होते त्याच काळात, १९३० च्या दशकात, बिशप विल्यम व्हाइट यांच्या खटपटीने पेकिंगमधला एक मोठा खाजगी ग्रंथसंग्रह टोरांटोला आला. सुमारे ४०,००० चिनी ग्रंथ. पुस्तकांना प्रवेश होता, वाचणाऱ्यांना नव्हता! टोरांटोतल्या चिनी अभ्यासाचा पाया अशा रीतीने घातला गेला. ज्युलिया चिंग १९७८ साली इथे आल्या, तेव्हा गुणांकन पद्धत येऊन अकरा वर्षे झाली होती. याच दारातून आपणही आलो. हेड टॅक्सबद्दल कॅनडा सरकारने माफी मागितली ती २००६ साली. ती ऐकायला त्या हयात नव्हत्या.

आता त्यांच्या अभ्यासाकडे वळू.

त्यांनी पीएच.डी.साठी निवडला वांग यांगमिंग हा विचारवंत. काळ १४७२ ते १५२९, म्हणजे आपल्याकडे एकनाथांच्या जरासा आधीचा. वांग समजायचा तर त्याच्याआधी तीन शतके होऊन गेलेला जू शी (११३० ते १२००) समजावा लागतो. जू शीने कन्फ्यूशियसच्या परंपरेची नव्याने मांडणी केली. 'चार ग्रंथ' निवडून त्यांवर भाष्ये लिहिली. प्रत्येक वस्तूत एक तत्त्व आहे, वस्तूंचा कसून शोध घेत गेले की ते कळते आणि माणूस शहाणा होतो, असे त्याचे म्हणणे. जिवंतपणी त्याच्या शिकवणुकीला दरबाराने 'खोटी विद्या' ठरवून तिच्यावर बंदी घातली होती. मेल्यानंतर ती सरकारी विद्या झाली. १३१३ पासून त्याची भाष्ये राज्यपरीक्षेचा अभ्यासक्रम बनली आणि परीक्षापद्धतच रद्द होईपर्यंत, म्हणजे १९०५ पर्यंत, टिकली. जवळपास सहाशे वर्षे तोच सिलॅबस! आपल्याकडे एसएससी बोर्डाचे पुस्तक दहा वर्षे टिकले तरी आपण कुरकुर करतो.

तरुण वांगने जू शीचे म्हणणे शब्दशः मनावर घेतले. मित्राला घेऊन तो अंगणातल्या बांबूसमोर बसला. बांबूचे तत्त्व शोधायचे! मित्राने तीन दिवसांत हात टेकले. वांग सातव्या दिवशी आजारी पडला. पुढे तो सरकारी अधिकारी झाला. १५०६ साली दरबारातल्या एका बलाढ्य खोजाच्या विरोधात त्याने अर्ज लिहिला. शिक्षा म्हणून चाळीस फटके बसले आणि नैऋत्येकडच्या डोंगराळ, आदिवासी मुलखात एका आडगावच्या टपालठाण्यावर बदली झाली. तिथे, १५०८ साली, त्याला उमगले की तत्त्व बांबूत शोधायचे नसून ते आपल्या मनात आधीच आहे. बरेवाईट ओळखण्याची जाण प्रत्येक माणसाला जन्मतः असते, मग तो मंत्री असो की रस्त्यावरचा हमाल.

त्याचा दुसरा मोठा विचार म्हणजे ज्ञान आणि कृती एकच आहेत. आपण सहसा असे धरतो की आधी कळते, मग वळते, आणि पुष्कळदा कळते पण वळत नाही. वांगचे उत्तर असे की वळत नसेल तर ते कळलेलेच नाही. आईवडिलांशी कसे वागावे हे ज्याला कळले आहे असे आपण म्हणतो, तो तसा वागत असतो म्हणूनच आपण ते म्हणतो.

हे ऐकायला सोपे वाटते, पण आपल्यासारख्या पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींना ते चांगलेच बोचणारे आहे. जातिभेद वाईट हे आपल्या प्रत्येकाला 'कळलेले' आहे. मग मुलामुलींच्या लग्नाच्या वेळी आपल्या ईमेलमधून कोणते आडनाव पुढे जाते आणि कोणते मागे राहते? घरकामाची समान वाटणी 'कळलेली' आहे. मग आपल्या बैठकीनंतर भांडी कोण विसळते? वांगच्या हिशेबाने आपले ज्ञान अजून बांबूपाशीच बसले आहे.

पण वांगला नुसते डोक्यावर घेऊनही चालणार नाही. तो सेनापतीही होता. बंडे मोडताना त्याने आदिवासी टोळ्यांवरही स्वाऱ्या केल्या. ज्या माणसाने प्रत्येकाच्या मनात समान विवेक पाहिला, त्यानेच सम्राटाच्या हुकमावरून तलवार चालवली. परंपरेत मोठी माणसे अशीच संमिश्र असतात. त्याच्या विचाराची ठिणगी पुढे कुठवर गेली हेही पाहण्यासारखे आहे. त्याच्या वारशात वाढलेल्या ली जी या बंडखोराने सोळाव्या शतकात, बायकांना मोठे ज्ञान झेपत नाही हे मत खोडून काढले. शेवटी तो तुरुंगात गेला आणि १६०२ साली तिथेच त्याने जीव दिला.

चिंगबाईंचे वांगवरचे पुस्तक १९७६ साली कोलंबिया विद्यापीठाने छापले. त्याच्या पत्रांचा इंग्रजी अनुवादही त्यांनी केला. १९८७ साली मिंग काळातल्या विद्वानांच्या सतराव्या शतकातल्या एका प्रचंड चरित्रकोशातला निवडक भाग इंग्रजीत आणण्याचे काम त्यांनी संपादक म्हणून केले. आणि मृत्यूच्या एकच वर्ष आधी, २००० साली, जू शीच्या धार्मिक विचारावरचे त्यांचे पुस्तक ऑक्सफर्डने काढले. म्हणजे वांगपासून सुरुवात करून त्या शेवटी त्याच्या प्रतिपक्षाकडे गेल्या. विद्वानाच्या आयुष्याचा हा प्रवास मला फार आवडतो. तरुणपणी आपल्याला बंडखोर जवळचा वाटतो. नंतर ज्याच्याविरुद्ध बंड केले त्याचे म्हणणेही पुरते ऐकून घ्यावेसे वाटते.

त्या काळात हे काम कोणत्या हवेत चालले होते? १९१९ च्या चळवळीपासून चीनमधले पुरोगामी लोक 'कन्फ्यूशियसचे दुकान' मोडा असे म्हणत होते. त्यालाही कारणे होती. बाप, नवरा, राजा यांच्या अधिकाराला कन्फ्यूशियसचे नाव पुरवले गेले होते. विधवेने पुन्हा लग्न करण्यापेक्षा उपाशी मरणे परवडले, अशा अर्थाचे जुन्या गुरूंचे मत खुद्द जू शीने आपल्या संकलनात घेतले होते. ज्या समाजात फुले आणि कर्वे होऊन गेले, त्या समाजातल्या आपल्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको. पुढे १९७३-७४ मध्ये तर कन्फ्यूशियसच्या निषेधाची देशव्यापी सरकारी मोहीमच निघाली. बरोबर त्याच वर्षांत, चीनबाहेर, एक चिनी बाई त्याच परंपरेतला ग्रंथ शब्द शब्द लावून वाचत होती. तिला तो ग्रंथ पूजायचाही नव्हता आणि जाळायचाही नव्हता.

आपल्या इथल्या कोणाची आठवण होते? मला धर्मानंद कोसंबींची होते. गोव्यातला हा माणूस १८९९ साली घर सोडून निघाला, सिंहलद्वीपात भिक्खू झाला. पुढे चीवर उतरवून हार्वर्डला ग्रंथसंपादनाला गेला आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागला. व्रत सोडले, पण ज्यासाठी व्रत घेतले होते तो अभ्यास सोडला नाही. चिंगबाईंचेही तेच झाले.

आता एक प्रश्न, जो वरवर कचेरीतला वाटेल. अशा माणसाला विद्यापीठात बसवायचे कुठे? बाईंचे नाव तीन विभागांत होते ते हौसेने नव्हे. पाश्चात्त्य विद्यापीठांत कांट आणि डेकार्त यांची जागा तत्त्वज्ञान विभागात ठरलेली असते. कन्फ्यूशियस, नागार्जुन, शंकराचार्य आले की मात्र त्यांना धर्माभ्यासाकडे किंवा 'आशियाई' विभागाकडे पाठवतात. तिथे त्यांची भाषा, काळ, रूढी शिकवतात. पण 'हे म्हणतात ते खरे आहे का?' हा प्रश्न, जो तत्त्वज्ञानाचा प्राण, तो फारसा विचारला जात नाही. मान तर दिला, पण वादाला बसवले नाही, असा हा प्रकार. २०१६ साली जे गारफील्ड आणि ब्रायन व्हॅन नॉर्डन या दोन प्राध्यापकांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सुचवले की जे विभाग फक्त युरोप-अमेरिकेचे तत्त्वज्ञान शिकवतात, त्यांनी प्रामाणिकपणे आपल्या पाटीवर तसे लिहावे. त्यावर मोठा गदारोळ झाला.

याची एक विलक्षण जुनी कहाणी आहे आणि ती चिंगबाईंनी आपल्या पतीबरोबर, धर्माभ्यासाचे प्राध्यापक विलार्ड ऑक्सटोबी यांच्याबरोबर, संपादित केलेल्या पुस्तकाचा विषय होती. १७२१ साली जर्मनीतल्या हाले विद्यापीठात ख्रिस्तियान वोल्फ या तत्त्ववेत्त्याने चिनी लोकांच्या नीतिविचारावर व्याख्यान दिले. चिनी लोक बायबल न वाचताही नीतीने वागतात, म्हणजे नीतीला केवळ बुद्धीचा आधार पुरतो, असा त्याचा रोख. तिथले सनातनी धर्मशास्त्री खवळले. १७२३ साली प्रशियाच्या राजाने हुकूम काढला की ४८ तासांत राज्य सोड, नाहीतर फाशी. वोल्फ परत आला तो १७४० साली, नवा राजा आल्यावर. म्हणजे एके काळी युरोपात चिनी विचार इतका गांभीर्याने घेतला जाई की त्यापायी प्राध्यापकाला फासाची धमकी मिळे. पुढे तोच विचार संग्रहालयातल्या कपाटात जाऊन बसला. हे आपोआप झाले नाही. दरम्यान युरोपची साम्राज्ये वाढली आणि जित लोकांना 'तत्त्वज्ञान' असते हे मान्य करणे गैरसोयीचे झाले, हे त्यामागचे एक मोठे कारण.

चिंगबाईंनी यावर आरडाओरडा केला नाही. त्यांनी काम केले. कन्फ्यूशियसची परंपरा धर्म आहे की तत्त्वज्ञान, या प्रश्नात त्यांनी मुळात त्या शब्दांकडेच लक्ष वेधणारी तुलना मांडली. चिनी भाषेत आज वापरतात ते 'तत्त्वज्ञान' आणि 'धर्म' या अर्थांचे शब्द एकोणिसाव्या शतकात जपानमध्ये युरोपीय शब्दांसाठी रुळवले गेले आणि तिथून चीनमध्ये आले. आपणही 'रिलिजन'साठी 'धर्म' वापरतो आणि मग आयुष्यभर त्या गोंधळाची किंमत मोजतो. आपल्या मंडळींना हे अधिक समजावून सांगायला नकोच.

१९७७ साली त्यांचे कन्फ्यूशियसची परंपरा आणि ख्रिस्ती धर्म यांची तुलना करणारे पुस्तक आले. १९८० च्या दशकात त्यांनी हान्स क्युंग या जर्मनीत शिकवणाऱ्या स्विस कॅथलिक विचारवंताबरोबर ख्रिस्ती धर्म आणि चिनी धर्म यांवर पुस्तक लिहिले. क्युंग यांचा कॅथलिक धर्मशास्त्र शिकवण्याचा अधिकृत परवाना चर्चने १९७९ च्या डिसेंबरात काढून घेतला होता. परवाना गेलेला धर्मगुरू आणि व्रत सोडलेली जोगीण, यांनी मिळून चर्चला समजावून सांगितले की पश्चिम आशियातल्या पैगंबरी धर्मांबरोबर आणि भारतातल्या साधनामार्गांबरोबर चीनमध्ये शहाणपणाची एक तिसरी मोठी नदी वाहत आली आहे. या भेटीची सुरुवात सोळाव्या शतकातली, आणि तिचा एक धागा गोव्यातून जातो. चीनमध्ये कन्फ्यूशियसच्या विद्वानांचा वेष घालून वावरलेला मात्तेओ रिची हा जेझुइट १५७८ साली आधी गोव्यात उतरला. पुढच्याच वर्षी तिथे थॉमस स्टीफन्स आला. रिची १५८२ साली चीनकडे गेला आणि चिनी भाषेत ग्रंथ लिहिले. स्टीफन्स तिथेच राहिला आणि त्याने मराठीत क्रिस्तपुराण लिहिले. दोघांनाही धर्मप्रसारच करायचा होता, याबद्दल गैरसमज नको. पण दुसऱ्याच्या भाषेत आपले म्हणणे मांडायला गेले की मांडणाराही बदलतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १९८९ च्या जूनमध्ये बीजिंगच्या तिआनानमेन चौकात जे झाले, त्यानंतर चिंगबाईंनी १९९० साली चीनमधला धर्म, राजकारण आणि निषेध यांवर पुस्तक लिहिले. प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासकाला गप्प राहण्याची चांगली सबब असते. माझे क्षेत्र सोळावे शतक, एवढे म्हटले की भागते. पण ज्याने अर्ज लिहून चाळीस फटके खाल्ले त्या वांगवर ज्या बाईने पीएच.डी. केली, तिला ती सबब कशी चालावी?

पुढचा इतिहास त्यांनी पाहिला नाही, पण तो त्यांच्या विषयाचाच आहे. ज्या सरकारने कन्फ्यूशियसचा निषेध करवला, त्याच सरकारने २००४ पासून जगभर 'कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट' उघडल्या. २०११ च्या जानेवारीत तिआनानमेन चौकालगत कन्फ्यूशियसचा भव्य पुतळा उभा राहिला आणि एप्रिलमध्ये एका रात्रीत तो तिथून हलवण्यात आला! कन्फ्यूशियसचे नेमके काय करायचे हे सत्तेचेही ठरत नव्हते. इथे कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठाने आपल्याकडची इन्स्टिट्यूट २०१३ साली बंद केली. तिथे शिकवणाऱ्या एका तरुणीने तक्रार केली होती की फालुन गोंग पंथाचे असू नये अशी अट तिच्या करारात होती. त्याच वर्षी कॅनडातल्या विद्यापीठ-शिक्षकांच्या संघटनेने सर्वच विद्यापीठांना अशा इन्स्टिट्यूटशी संबंध तोडायला सांगितले. २०१४ साली टोरांटोच्या शाळामंडळाने आपला करार मोडला.

आता याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवा. टोरांटो विद्यापीठातले चिनी विचार आणि संस्कृतीचे अध्यासन हेही चिनी पैशांतूनच झाले. ते हाँगकाँगच्या रिचर्ड चार्ल्स ली आणि एस्थर ली यांच्या नावाचे आहे. चिंगबाई त्या अध्यासनावर होत्या. पण तिथे कोणाला बसवायचे आणि त्याने वर्गात काय बोलायचे, हे विद्यापीठाच्या हाती राहिले. फरक पैशाच्या रंगात नाही, पैशामागच्या दोरीत आहे.

ही दोरी आपल्या ओळखीची आहे. कॅलिफोर्नियात अर्व्हाइन इथल्या विद्यापीठाने २०१६ साली भारतीय धर्मपरंपरांच्या अध्यासनांसाठी देऊ केलेल्या मोठ्या देणग्या नाकारल्या. प्राध्यापकाच्या निवडीत देणगीदारांना हात हवा आहे, अशी तिथल्या अध्यापकांची हरकत होती. आणि जानेवारी २००४ मध्ये पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तो एका परदेशी अभ्यासकाने शिवाजी महाराजांवर लिहिलेल्या पुस्तकाचे निमित्त करून. त्या पुस्तकातली विधाने चूक की बरोबर, हा वाद कागदावर करता आला असता. कपाटे फोडून, हस्तलिखिते विस्कटून त्यातला एकही मुद्दा खोडला गेला नाही. त्याच संस्थेने १९७० साली पु. वि. बापट आणि जपानी विद्वान हिराकावा यांनी केलेला एका चिनी बौद्ध ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद छापला होता. बापटांनी पाली आणि चिनी ग्रंथ शेजारी ठेवून आयुष्य काढले. 'विमुत्तिमग्ग' हा ग्रंथ चिनी अनुवादात टिकला होता. 'विसुद्धिमग्ग'शी त्याची तुलना करणारे त्यांचे पुस्तक १९३७ साली पुण्यातून निघाले. आपला हरवलेला ग्रंथ दुसऱ्याच्या भाषेत सापडतो, हे ज्या पुण्याने पाहिले होते, त्याच पुण्यात परक्याने आपल्याबद्दल लिहिले म्हणून कपाटे फुटली. याला काय म्हणावे?

चिंगबाईंच्या नंतर ते अध्यासन २००० साली व्हिन्सेंट शेन यांच्याकडे आले. ते तैवानचे, पीएच.डी. बेल्जियममधल्या लूवँची. टोरांटोत ते तत्त्वज्ञान आणि पूर्व आशियाई अभ्यास या दोन्ही विभागांत शिकवत. २०१८ साली ते गेले. त्यांनी एक कल्पना मांडली, जिला मराठीत मी 'बाहेर नेणे' म्हणेन. आपले तत्त्व दुसऱ्याच्या भाषेत नेऊन पाहायचे. तिथे ते समजले, पटले, तर त्यात आपल्यापुरते नसलेले काही सत्य आहे. तिथे ते निरर्थक ठरले, तर दोष ऐकणाऱ्याला देण्याआधी आपले तत्त्व तपासायचे. दुसऱ्या पायरीवर ते आचरणात न्यायचे. दुसऱ्या समाजाच्या चालीरीतींत ते उभे राहते का ते बघायचे.

मंडळी, स्थलांतरिताला हे करावेच लागते. आपण आपली किती तत्त्वे इथे 'बाहेर नेऊन' पाहिली? पाहुणचार आणला, तो इथे टिकला. वडीलधाऱ्यांचा मान आणला, त्याचा काही भाग टिकला, काही भाग मुलांनी प्रश्न विचारून परत पाठवला. जात आणली. ती या परीक्षेत उभी राहू शकत नाही, म्हणून आपण ती बाहेर नेतच नाही. तिला घरात, पडदे ओढून, जपून ठेवतो. जे तत्त्व दुसऱ्यासमोर मोठ्याने सांगता येत नाही, त्याच्याविषयी यापेक्षा अधिक काय सिद्ध करायचे असते?

चिंगबाईंना कर्करोगाने एकदा नाही, अनेकदा गाठले. १९९८ साली त्यांनी आत्मकथन लिहिले. त्याच्या नावात फुलपाखरू आहे, ते च्वांग त्झूच्या प्रसिद्ध गोष्टीतले. आपण फुलपाखरू आहोत असे स्वप्न त्याला पडले आणि जागे झाल्यावर त्याला ठरवता येईना की मी फुलपाखरू झालो होतो, की आता फुलपाखराला मी असल्याचे स्वप्न पडते आहे. पूर्वेची की पश्चिमेची, असे ज्यांना आयुष्यभर विचारले गेले, त्यांना ही गोष्ट जवळची वाटली यात नवल नाही.

शेवटी दोन अगदी व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली. आपल्या संस्था आता देणग्या देण्याइतक्या मोठ्या झाल्या आहेत. उद्या एखाद्या विद्यापीठात मराठी भाषेच्या किंवा महाराष्ट्राच्या अभ्यासासाठी पैसे देण्याची वेळ आली, तर जरूर द्यावेत. टोरांटोतच नरेंद्र वागळे यांनी महाराष्ट्राचा इतिहास शिकवला आणि त्यावर लिहिले. ही परंपरा इथे रुजू शकते याचा तो पुरावा आहे. पण देताना कागदावर लिहून द्यावे की निवड तुमची, विषय तुमचा, निष्कर्षही तुमचे. एखादा निष्कर्ष आपल्याला झोंबला, तर आपण लेख लिहू, सभेत प्रश्न विचारू. चेक मागे घेणार नाही आणि घरावर मोर्चाही नेणार नाही.

दुसरी. आपल्या घरातल्या एखाद्या मुलीने, मुलाने उद्या सांगितले की मला तत्त्वज्ञान शिकायचे आहे, किंवा पाली, किंवा चिनी, तर 'मग पोटापाण्याचे काय?' हा प्रश्न विचारायला हरकत नाही. तो खरा प्रश्न आहे, आणि मानव्यशाखांतल्या कायम नोकऱ्या किती कमी झाल्या हे मुलांनाही ठाऊक असते. पण तो एकच प्रश्न विचारून थांबू नये. आपल्या परंपरेबद्दल आज सगळ्यात मोठ्याने बोलतात ते बहुधा तिचे मूळ ग्रंथ न वाचलेले लोक. ते वाचणारी माणसे आपण तयार केली नाहीत, तर परंपरा त्यांच्याच ताब्यात राहील, आणि मग तक्रार करण्याचा हक्क आपल्याला उरणार नाही.

वांगचा हिशेब साधा आहे. हे आपल्याला कळले असेल, तर ते आपल्या पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात दिसेल. खजिनदार इथेच बसले आहेत, त्यांना मी हे भाषण संपल्यावर भेटतोच आहे. त्याआधी तुमचे प्रश्न येऊ द्या.